समाजकथा हा संग्रहालयाचा गाभाच

संपादक महोदय,

विविध समाजांच्या कथांवरील कार्यक्रम संग्रहालयाच्या मूळ हेतूशी विसंगत असल्याचे आपल्या अंकातील मत तथ्याला धरून नाही. १८७२ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मुंबईतील निरनिराळ्या समाजांचे पेहराव व पगड्या दाखवणाऱ्या मातीच्या जुन्या प्रतिकृती आहेत. तेव्हा विविधता ही तेथे आजची भर नव्हे. अशा कथांनी दुही माजते हा आक्षेपही टिकत नाही, कारण कोळी, पाठारे प्रभू, पारशी, बेने इस्रायली आणि गिरणी कामगार यांना वगळून मुंबईचा इतिहास सांगताच येत नाही. कपाटातील पगडी कोण, केव्हा, कशी बांधत असे, हे मौखिक इतिहासातून, म्हणजे जाणत्यांच्या नोंदवलेल्या आठवणींतून, उमगते. म्हणून हे कार्यक्रम आवरते न घेता मराठीतून वाढवावेत.

— एक वाचक, भायखळा