यंत्राचा परवाना आणि प्रभागाचे मत

महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा संमत केला आणि पुढे जवळजवळ अर्धशतक तो अंमलात आणलाच नाही. २०२३ मध्ये राज्य शासनाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. जुगारापासून मिळणाऱ्या महसुलाचा मोह आणि त्याला उघड मान्यता देण्याचा संकोच या दोहोंत शासन इतकी वर्षे हेलकावे खात राहिले, असेच यावरून म्हणावे लागते. या काळात एक प्रश्न मात्र क्वचितच चर्चेत आला. ज्या वस्तीत असा व्यवसाय थाटावयाचा, तिचे मत काय?

ब्रिटनमध्ये पबमधील खेळयंत्रांबाबत हा प्रश्न निदान अर्धा सोडविलेला आहे. तेथील २००५ च्या कायद्यानुसार मद्याचा परवाना असलेल्या पबला नाणे टाकून खेळावयाची दोन यंत्रे ठेवण्याचा हक्क मिळतो. त्यासाठी स्थानिक परिषदेस सूचना व ५० पौंड शुल्क द्यावे लागते. दोनांहून अधिक यंत्रे हवी असल्यास परिषदेची परवानगी घ्यावी लागते. परिषद ती नाकारू शकते, यंत्रांची संख्या घटवू शकते आणि मूळ हक्कही काढून घेऊ शकते. पबमधील अशा यंत्रावर एका खेळास एक पौंडाहून अधिक लावता येत नाही व बक्षीस शंभर पौंडांपलीकडे जात नाही.

आपल्याकडे अधिकारांची वाटणी निराळी आहे. जुगाराचा मूळ कायदा १८८७ चा. केवळ कौशल्याचे खेळ त्याच्या कक्षेबाहेर आहेत. करमणुकीच्या जागेचा परवाना शहरात पोलीस आयुक्तांच्या हाती, तर मद्याचा परवाना राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे. २०१६ च्या घटनादुरुस्तीनंतर करमणुकीवरील कर हा विषय राज्यसूचीत केवळ पंचायती व नगरपालिकांच्या आकारणीपुरता उरला. म्हणजे कराचा मार्ग स्थानिक संस्थेकडे वळला, पण परवान्याविषयी बोलण्याचा अधिकार वळला नाही.

उद्या हर्सूल टी-पॉइंटच्या परिसरातील एखाद्या बिअर बारमध्ये ‘कौशल्याचा खेळ’ या नावाखाली अशी चार यंत्रे बसली, असे समजू. यंत्र शंभर रुपयांतील नव्वद परत देते, अशी त्याची ख्याती असेल, आणि नव्वद टक्के परतावा ऐकावयास उदारही वाटतो. परंतु खेळणारा ते नव्वद खिशात घालून उठत नाही. तो पुन्हा लावतो; त्याचे सरासरीने एक्क्याऐंशी होतात. दहा फेऱ्यांनंतर सुमारे पस्तीस रुपये उरतात आणि वीस फेऱ्यांनंतर बारा. मटक्याला ओपन आणि क्लोजची वाट पाहावी लागे. यंत्राला काही सेकंद पुरतात. तोट्याचे खरे माप परताव्याच्या टक्केवारीपेक्षा या वेगात आहे. मालकाला नफा मिळेल, शासनाला शुल्क मिळेल. आठवड्याची मजुरी अर्धी झाल्याचा भार मात्र वस्तीतील किराणा दुकानदाराच्या उधारीवर, मुलांच्या शिकवणीवर आणि घरच्या बाईवर पडेल. ज्यांना लाभ होतो ते निर्णय घेतात आणि ज्यांना खर्च सोसावा लागतो त्यांना विचारले जात नाही. अशा व्यवहारात परवान्यांची संख्या गरजेहून अधिक होते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल.

गोव्याचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट मिळाली, १९९६ मध्ये जहाजांवरील जुगारालाही. परवानगी देणारे राज्य शासन. त्याच शासनाने फेब्रुवारी २०२० पासून गोमंतकीयांना कॅसिनोत प्रवेशबंदी केली. जे आपल्या माणसांसाठी घातक मानले, ते पाहुण्यांना विकावयाचे, असा हा न्याय!

महाराष्ट्राजवळ याहून चांगला नमुना घरातच आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातील वा प्रभागातील चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केल्यास दारूच्या दुकानासंबंधी गुप्त मतदान घेता येते. उभी बाटली की आडवी, हे तेथील मतदार ठरवितात. ही तरतूद खेळयंत्रांना व व्हिडिओ गेम पार्लरांना लागू करावी. धंद्याच्या स्वातंत्र्याची अडचण येथे फारशी येऊ नये. जुगार हा घटनेने संरक्षिलेला व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये मुंबई राज्याच्याच एका खटल्यात सांगितले. आणि १९९५ मध्ये व्हिडिओ खेळांनाही परवान्याचे बंधन घालता येते, असा निर्णय दिला.

हा अधिकार महापालिकेला का देऊ नये, असे कोणी विचारील. छत्रपती संभाजीनगरच्या महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढे अनेक वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात हा अधिकार पालिकेस असता, तर हर्सूलच्या वतीने एका अधिकाऱ्याची सही पुरली असती. शिवाय शुल्काची चटक लागलेली पालिका यंत्रे कमी करील, हा भरवसा कोणी द्यावा?

बंदीने धंदा चोरवाटेने जातो, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. मटका कायद्याने निषिद्ध असूनही साठच्या दशकापासून मुंबईबाहेर खेडोपाडी पसरला, हे नाकारण्यात अर्थ नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तेथून हटलेला पैसा पुन्हा गल्लीतील यंत्राकडे वळण्याचा संभव आहे. परंतु येथे मागणी सरसकट बंदीची नाही. ज्या प्रभागाला यंत्रे चालतील त्याने ती ठेवावीत. नको म्हणणाऱ्या प्रभागात चोरून लावलेल्या यंत्राची खबर द्यावयास शेजारी निदान पुढे येतील, कारण तो निर्णय त्यांचा स्वतःचा असेल.

एक दुरुस्ती मात्र आवश्यक आहे. बाटलीच्या मतदानात दुकान बंद होण्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर नोंदलेल्या मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. म्हणजे त्या दिवशी मजुरीला गेलेली किंवा धाकाने घरी बसलेली बाई उभ्या बाटलीच्या खात्यात जमा होते. यंत्रांबाबत झालेल्या मतदानातील बहुमत पुरेसे मानावे, मतदान सुटीच्या दिवशी घ्यावे आणि परवान्याच्या नूतनीकरणापूर्वी घ्यावे. म्हणजे चालू परवाना मध्येच मोडल्याची तक्रार घेऊन मालकाला न्यायालयात जावे लागणार नाही.