सुई टोचण्याआधी

परीक्षेत मान इतकी आखडली, की मिस्सात शांतीची खूण देताना शेजारी वळायचं तर अख्खं धड फिरवावं लागे. पलासियातल्या एका क्लिनिकमध्ये ड्राय नीडलिंग सुचवलं. ड्राय, कारण सुईत औषधच नसतं. बारीक, भरीव सुई स्नायूतल्या दुखऱ्या गाठीत घालतात. स्नायू एकदम फडकतो, नंतर दिवसभर ठणकतो. गुण औषधाचाच नव्हे, नुसत्या सुईचाही असतो, हे कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी १९७९ साली मांडलं होतं.

मला आराम पडला, खोटं कशाला बोलू? (व्यायाम मात्र चुकत नाही.)

पण माझ्याआधीच्या मराठी आजींनी इंग्रजी फॉर्मवर न वाचताच सही केली. खांद्याजवळ सुई खोल गेली तर क्वचित फुप्फुसाला इजा होते, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगावं, हे सगळं त्यात छापलेलं. आजींना कुणी विचारलंच नाही. अशा सहीला संमती कसं म्हणायचं? दोन्ही भाषा येणारी मी शेजारीच बसले होते, तरी गप्प राहिले. शुक्रवारी पुन्हा जायचंय. फॉर्मचं मराठी करून नेतेय. घेतात का, बघू.