देवगडचा राजा आणि उत्तरेचे दर्यावर्दी

इ. स. १०००च्या सुमारास आइसलंडच्या लोकसभेत नव्या धर्माचा तंटा विकोपास गेला, तेव्हा स्वतः जुन्या देवांचा उपासक असलेल्या कायदेवक्त्या थोर्गेरने, सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा, परंतु घरात गुप्तपणे जुने बळी देणाऱ्यास शासन नसावे, असा निवाडा दिला. व्हायकिंगांच्या साहसकथांतील समुद्रयुद्धांहून हा प्रसंगच मला अधिक रोमांचकारी वाटत आला आहे.

नरखेडच्या वाचकास जुन्या व नव्या श्रद्धांच्या संघर्षाचा असा प्रसंग शोधण्यासाठी सातासमुद्रांपार जाण्याचे प्रयोजन नाही. तालुक्याच्या उत्तर सीमेपलीकडे, आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात, देवगडचा किल्ला आहे. तेथील गोंड राजपुत्र बख्तबुलंद सतराव्या शतकाच्या अखेरीस गादीच्या तंट्यात औरंगजेबाच्या दरबारी गेला, इस्लाम स्वीकारून राज्याधिकार मिळविता झाला, पुढे त्याच बादशहाविरुद्ध बंड करून उठला, आणि १७०२ मध्ये नागपूर वसविणारा पुरुष तो हाच. फर्मानांतून व दप्तरांतून त्याची कारकीर्द जुळविता येते. परंतु दरबारात कलमा उच्चारताना गोंडांच्या बडादेवाचे स्मरण त्याच्या अंतःकरणात कोणत्या रूपाने उभे राहिले असेल, हे सांगण्याचा अधिकार कादंबरीकाराचाच.

१८७१ साली गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ने आरंभिलेली आपली ऐतिहासिक कादंबरी रायगड-पानिपताकडे वारंवार वळली, देवगडकडे तिने क्वचितच पाहिले, याची मला मनस्वी खंत आहे. वर्धाकाठच्या तरुण लेखकांनी ही सामग्री हाती घ्यावी, यासाठी पुढील अंकाची पाने आम्ही राखून ठेवीत आहोत.