काट्यावर तोललेला तोटा

साकीनाक्याला खैरानी रोडच्या आत वळलं की पॉवर प्रेसचे गाळे लागतात. अशा धंद्यात हिशेबाची एक रीत हमखास भेटते. पत्रा, मजुरी, वीज मिळून झालेला खर्च निघालेल्या मालावर किलोप्रमाणे वाटायचा. काटा कुणाची बाजू घेत नाही, बाजारभाव मात्र रोज हलतो, म्हणून वजनच खरं, असं या पक्षाचं म्हणणं. मग ज्या मालावर पडलेला खर्च विक्रीपेक्षा जास्त दिसेल तो तोट्याचा, तो बंद करायचा. या रीतीतली वाटणी चुकीची आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक आहे.

आकडे कल्पित धरू. शंभर किलो पत्रा आणि तो दाबण्याचा खर्च मिळून 10,000 रुपये. एकाच दाबात 50 किलो रिंगा निघाल्या, रिंगांच्या पोटातून 30 किलो चकत्या आणि उरलेलं 20 किलो भंगार. भंगार 30 रुपये किलोने गेलं, 600 रुपये आले. उरला 9,400 चा संयुक्त खर्च. रिंगा 8,000 ला विकल्या जातात, चकत्या 3,000 ला. वजनाने वाटलं तर चकत्यांवर 3,525 रुपये बसतात, म्हणजे 525 चा तोटा. मालक चिडून चकत्या भंगारात टाकतो. त्यांचे 900 येतात. पत्र्याचं बिल तेवढंच, प्रेसवाल्याची मजुरी तेवढीच. आधी एकूण 1,600 रुपये नफा होता, आता 500 तोटा! काटा अचूक होता; त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता.

भाव हलतात हा वजनवाल्यांचा सर्वांत बळकट मुद्दा. त्याचं उत्तर आपल्या उसाने कधीच दिलं आहे. टनभर उसातून साखर निघते 100 ते 110 किलो आणि बगॅस तिच्या अडीचपट. किलोवर वाटलं तर साखरेवर खर्चाचा जेमतेम पाव हिस्सा येईल आणि चिपाड महाग ठरेल. साखरेचे भावही कमी हलत नाहीत. तरी 2012 च्या रंगराजन समितीने शेतकऱ्याचा वाटा ठरवताना किलो मोजले नाहीत. साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड यांच्या मिळून मूल्याच्या 70 टक्के, किंवा नुसत्या साखरेच्या मूल्याच्या 75 टक्के, असं सूत्र तिने मांडलं. लेखामानक 2 देखील साठ्याच्या मूल्यांकनासाठी उदाहरण देतं ते सापेक्ष विक्रीमूल्याचं. किरकोळ उपउत्पादनाचं किंवा भंगाराचं निव्वळ विक्रीमूल्य मुख्य मालाच्या खर्चातून वजा करणंही त्याला मान्य आहे.

विक्रीमूल्याच्या रीतीने वरचे 9,400 रुपये 8 : 3 असे वाटले तर रिंगांवर साधारण 6,836 आणि चकत्यांवर 2,564 येतात. दोन्ही माल नफ्यात. पण विक्रीमूल्यवाल्यांनीही लगेच मिशीला पीळ देऊ नये. भावावरून खर्च ठरवायचा आणि त्याच खर्चावरून गिऱ्हाइकाला भाव सांगायचा, ही गोल फिरणारी गोष्ट आहे. संयुक्त खर्चाची वाटणी ताळेबंदासाठी, शिल्लक मालाची किंमत लावण्यासाठी. कुठला माल ठेवायचा आणि कुठला बंद करायचा, हे तिला विचारूच नये.

ते विचारायचं माल वेगळा झाल्यानंतरच्या खर्चाला. याच चकत्यांना झिंक प्लेटिंग केलं तर समजा 600 रुपये लागतात आणि विक्री 3,000 वरून 4,000 वर जाते. 400 रुपये पदरात पडतात, मग आधीचा खर्च कसाही वाटलेला असो. प्लेटिंगला 1,200 पडत असतील तर चकत्या तशाच विकाव्यात. गाळ्याचं भाडं, कॉम्प्रेसरची वीज हे आणखी निराळं प्रकरण: तो सामाईक खर्च, एका पत्र्यातून दोन माल निघाल्यामुळे झालेला नव्हे. आणि गिऱ्हाइकाचा पत्रा घेऊन जॉबवर्क करणाऱ्याने आधी भंगार कुणाचं हे लेखी ठरवून घ्यावं, बाकी हिशेब नंतर.

तेव्हा गाळेमालकांनो, चकत्या भंगाराच्या ढिगात टाकण्याआधी एवढंच विचारा: त्या टाकल्याने पत्र्याचं बिल किती रुपयांनी उतरेल? उत्तर शून्य असेल आणि चकत्यांना भंगारापेक्षा जास्त भाव मिळत असेल, तर त्या विका.