शाई लावलेले बोट आणि विक्रीचे बटण

४ जून २०२४ची सकाळ. डोंबिवलीतला एखादा निवृत्त कर्मचारी डोळ्यांपुढे आणा. समोर टीव्हीवर मतमोजणीचे आकडे धावताहेत, हातात मोबाइल आहे आणि मोबाइलवर ब्रोकरचे ॲप उघडलेले. फोन धरलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीवर २० मे रोजी मतदान केंद्रात लावलेली शाई अजून पुरती गेलेली नाही, नखावर काळपट डाग दिसतो आहे. त्याच नखाशेजारी स्क्रीनवर लाल आकडे उतरत चालले आहेत. आतून स्वयंपाकघरातून विचारणा होते, ‘अहो, किती खाली गेलं?’ उत्तर न देता उजव्या हाताचा अंगठा विक्रीच्या बटणावर जातो.

त्या दिवशी देशभर असे लाखो अंगठे हलले असतील. एक्झिट पोलच्या जोरावर ३ जूनला सेन्सेक्स सुमारे अडीच हजार अंकांनी चढून ७६,४६८वर बंद झाला होता. दुसऱ्या दिवशी भाजपला स्वबळावर बहुमत मिळत नाही हे स्पष्ट होत गेले, तसा भरदुपारी निर्देशांक एका क्षणी सहा हजारांहून जास्त अंकांनी कोसळला. दिवसअखेर घसरण ४,३८९ अंकांची होती. एनटीपीसी, स्टेट बँक यांसारख्या सरकारी कंपन्यांच्या समभागांना सर्वांत जबर फटका बसला. त्याच दिवशी साबण-चहा विकणाऱ्या हिंदुस्थान युनिलिव्हरचा भाव मात्र वर गेला. ५ जूनला सेन्सेक्सने २,३०३ अंक परत मिळवले आणि ७ जूनला तो ७६,६९३वर बंद झाला, म्हणजे ३ जूनच्याही वर. ४ तारखेच्या दुपारी घाबरून विकणाऱ्याचे नुकसान कायमचे झाले. काहीच न करणाऱ्याचे तीन सत्रांत भरून निघाले.

या सगळ्याला एक अप्रिय पार्श्वभूमी होती. मे महिन्यात, प्रचार ऐन भरात असताना, गृहमंत्री अमित शहा यांनी मुलाखतीत ४ जूनच्या आधी शेअर घेऊन ठेवा, बाजार वर जाईल अशा अर्थाचा सल्ला दिला होता. निकालाच्या दिवशी बाजार विक्रम मोडेल असे पंतप्रधानही बोलले होते. पुढे ६ जूनला राहुल गांधी यांनी संयुक्त संसदीय समितीच्या चौकशीची मागणी केली आणि सत्ताधाऱ्यांनी ती फेटाळली. चौकशीचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. मत मागणाऱ्याने खरेदीची तारीख सुचवणे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, चूकच आहे. सेबीकडे नोंदणी केल्याशिवाय पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देता येत नाही. सामान्य सल्लागाराला एवढी शिस्त लावणाऱ्या देशात प्रचारातल्या पुढाऱ्याने बाजाराविषयी बोलताना जीभ आवरावी, ही अपेक्षा फार मोठी नाही.

निकाल आणि बाजार यांचे नाते किती फसवे असते, हे पाहायला २००४ आणि २००९ ही दोन वर्षे शेजारी ठेवावीत. वाजपेयी सरकार गेले, डाव्यांच्या पाठिंब्यावर काँग्रेस आघाडी येणार हे कळले आणि १७ मे २००४ रोजी बाजार इतका कोसळला की व्यवहार दोनदा थांबवावे लागले. सेन्सेक्स ४,५०५च्या आसपास बंद झाला. ज्या सरकारला भिऊन लोकांनी शेअर फुंकून टाकले, त्याच सरकारच्या काळात जानेवारी २००८मध्ये सेन्सेक्स २१,०००वर गेला. आणि १८ मे २००९ला? तीच आघाडी डाव्यांशिवाय परत आली, तेव्हा खरेदीची अशी झुंबड उडाली की निर्देशांक २,११० अंकांनी वाढला आणि वरचे सर्किट लागून दिवसभराचा बाजारच बंद करावा लागला. नेतृत्व तेच, आघाडी बहुतांशी तीच. पाच वर्षांपूर्वी तिला भिऊन विकणारा बाजार आता तिच्या स्वागताला धावला.

निवडणुकीवरून शेअर विकू नयेत, मग कशावरून विकावेत? इथे छोट्या गुंतवणूकदाराची खरी दुखरी नस आहे. घेणे सोपे, विकणे अवघड. ‘माझ्या भावाला आला की काढतो’ हे वाक्य दलाल स्ट्रीटपासून तालुक्याच्या गावातल्या सब-ब्रोकरच्या बाकड्यापर्यंत ऐकू येते. अमेरिकी संशोधक टेरन्स ओडीन यांनी दहा हजार खात्यांचे व्यवहार तपासून १९९८मध्ये दाखवले, की लोक नफ्यातले शेअर पटकन विकतात आणि तोट्यातले उराशी धरून बसतात. आपल्याकडे येस बँकेच्या भागधारकांनी याची जबर किंमत मोजली. ऑगस्ट २०१८मध्ये हा शेअर ४०० रुपयांच्या आसपास होता. सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेचे संस्थापक-प्रमुख राणा कपूर यांची मुदत पुढच्या जानेवारीपलीकडे वाढवायला नकार दिला. बँकिंग नियामक एखाद्या बँकेच्या संस्थापकाला खुर्चीवरून उतरवतो, तेव्हा विकायला याहून स्पष्ट कारण कोणते हवे? तरीही असंख्य लोक प्रत्येक घसरणीला ‘ॲव्हरेज’ करत, म्हणजे पडत्या भावात आणखी शेअर घेत राहिले. मार्च २०२०मध्ये ठेवीदारांना ५० हजार रुपयांची मर्यादा लागली आणि पुनर्रचनेत, शंभरहून अधिक शेअर असलेल्या जुन्या भागधारकांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. विकायचे मनात आले तेव्हा विकता येईना.

हे सांगायचे कारण असे, की आपण उमेदवारही असेच धरून ठेवतो. ज्या कारणाने मत दिले ते कारण मोडले, नालेसफाई झाली नाही, पक्ष बदलला, गुन्ह्याचे आरोपपत्र दाखल झाले, तरी ‘आपलाच माणूस’ म्हणत पुढच्या वेळी पुन्हा तेच बटण दाबतो. शेअर निदान कामकाजाच्या कोणत्याही दिवशी विकता येतो. खासदाराच्या बाबतीत चूक सुधारायला पाच वर्षे थांबावे लागते. म्हणून निवडतानाची तपासणी शेअरपेक्षा उमेदवाराच्या बाबतीत कडक हवी. प्रत्यक्षात उलटे होते. दहा हजारांचा आयपीओ भरण्याआधी माणूस ग्रे मार्केटचा भाव तीन ठिकाणी विचारतो, उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र उघडूनही पाहत नाही.

‘माझा पोर्टफोलिओ हिरवा ठेवील त्याला मत’ असेही हल्ली उघड बोलले जाते. हा विचार समजण्यासारखा आहे, पण तोकडा आहे. मार्च २०२४मध्ये देशात डीमॅट खाती १५ कोटींच्या पुढे होती, त्या वर्षीचे मतदार सुमारे ९७ कोटी. शिवाय डोंबिवलीच्या त्या गृहस्थाला लोकल, दवाखाना, नळाचे पाणी यांसाठी जो माणूस हवा, त्याची पारख सेन्सेक्स करू शकत नाही.

प्रतिज्ञापत्राला मात्र ती बरीच जमते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांमुळे मतदाराला उमेदवाराची माहिती जाणण्याचा हक्क मिळाला. प्रतिज्ञापत्राच्या नमुना २६मध्ये प्रलंबित गुन्हे, शिक्षण, मालमत्ता, कर्जे, गेल्या पाच वर्षांचे उत्पन्न द्यावे लागते, अगदी शेअरही. २०२४च्या प्रतिज्ञापत्रांत राहुल गांधींचे सुमारे ४.३ कोटींचे शेअर नावानिशी दिसतात, अमित शहांकडे शंभरहून अधिक कंपन्यांचे समभाग दिसतात आणि नरेंद्र मोदींची जवळपास सगळी पुंजी स्टेट बँकेतल्या मुदत ठेवीत, सुमारे २.८६ कोटींची. त्याच उमेदवाराचे मागच्या निवडणुकीतले प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवले, की पाच वर्षांत काय वाढले आणि कोणते गुन्हे नव्याने आले ते कळते. कंपनीचा वार्षिक अहवाल वाचणारा माणूस हेच करतो, मागच्या वर्षीचा ताळेबंद शेजारी घेऊन बसतो.

तेव्हा पुढच्या मतदानाआधी एक संध्याकाळ काढा. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र विनामूल्य मिळते. आपल्या मतदारसंघातल्या दोन-तीन प्रमुख उमेदवारांची पाने वाचा, मत का देणार ते वहीत एका ओळीत लिहा. त्याच वहीत घेतलेल्या प्रत्येक शेअरपुढे तो का घेतला तेही लिहा, आणि मतमोजणीच्या दिवशी दुपारी ब्रोकरचे ॲप उघडण्याआधी ती वही उघडा.