मोटारींचा जिमखाना आणि आमचा

दरवर्षी प्रवेश घेताना आपण सगळेच जिमखाना फी भरतो. त्या पावतीपलीकडे या शब्दाशी माझा फारसा संबंध आला नव्हता. म्हणून गेल्या डिसेंबरात शहराबाहेरच्या मैदानावर मोटारींचा जिमखाना भरणार असा फलक पाहिला तेव्हा हसूच आले. मोटारी काय जोरबैठका काढणार? पण त्या दिवशी कारखान्याचे गाळप बंद होते, आबांना उसाची खेप नव्हती, म्हणून आम्ही बापलेक पाहायला गेलो.

दहा गाड्या धुरळा उडवीत एकदम सुटतील अशी माझी कल्पना. तसे काही नव्हते. मैदानावर नारिंगी शंकू मांडलेले आणि एका वेळी एकच गाडी. चालकाने आधी पायी फिरून मार्ग पाठ करायचा, मग घड्याळाशी सामना. शंकूला धक्का लागला की दंडाचे सेकंद वाढतात, मार्ग चुकला तर फेरी बाद. वळणावर हँडब्रेक ओढला की मागची चाके जागीच धरतात, गाडीची पाठ सरकते आणि तोंड हवे तिकडे येते. शेवटी आखलेल्या चौकटीत थांबायचे. लोक टाळ्या देत होते धुराला. घड्याळाने मात्र एका जुन्या, गुपचूप जाणाऱ्या मारुतीला कौल दिला. खेळ वेगाचा कमी, अंदाजाचा जास्त.

आबा दोरीला टेकून बघत होते. एका झगझगीत गाडीकडे पाहून म्हणाले, “रिव्हर्सला कच्चा हाय गडी.” त्याच फेरीत दोन शंकू आडवे झाले.

आमच्या भागात जत्रेला ट्रॅक्टर-ट्रॉली मागे घेण्याच्या स्पर्धा होतात. फक्कीने आखलेल्या पट्ट्यातून ट्रॉली उलटी न्यायची. तिथेही घड्याळ असते आणि रेघेला चाक लागले की संपले. मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवावे तर ट्रॉलीची पाठ उजवीकडे जाते. चारचाकी ट्रॉलीचा पुढचा आसही फिरतो, म्हणजे सांधे दोन, आणि उलट्याचे पुन्हा सुलटे होते. हे मी मडगार्डवर बसून शिकले. वाचून कोणाला येईल असे वाटत नाही. मोटारीचे कसब आणि हे कसब यांत मला तरी एका हुकाचाच फरक दिसतो, आणि तो हूक अवघड बाजूला आहे.

मग एकाला स्पर्धा म्हणायचे आणि दुसऱ्याला जत्रेतली गंमत, हे कशावरून? जिमखाना हा शब्द तरी कुठे विलायती आहे? १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात तो ‘गेंदखाना’वरून बेतला असावा असा तर्क दिला आहे. मुंबईत १८७५ साली बाँबे जिमखाना निघाला तो साहेबांसाठी. पुण्यात आपल्या लोकांनी १९०६ साली डेक्कन जिमखाना काढला. शब्द मात्र साहेबाबरोबर विलायतेला गेला, तिथे घोड्यांच्या खेळांना चिकटला आणि मोटारीत बसून परत आला.

मोटारवाल्यांवर माझा राग नाही. राग असलाच तर स्वतःवर आहे. प्रवेशअर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी दोन्ही वर्षे ‘शेती’ लिहिले. आमची शेती वीस गुंठे. घर चालते ते ट्रॅक्टरच्या चाकावर, आणि तो ट्रॅक्टरही दुसऱ्याचा.

म्हणून जिमखाना विभागाला माझी सूचना आहे की यंदाच्या स्नेहसंमेलनात ट्रॉलीची स्पर्धा ठेवावी. मैदान खराब होईल असे कोणी म्हणेल. मंडपाचे ट्रक त्याच मैदानावर येतात तेव्हा हे कोणाला आठवत नाही. विद्यापीठाच्या यादीत हा खेळ नाही, हेही खरे. रस्सीखेच तरी आपण कोणती यादी पाहून घेतो? वर्गात ट्रॅक्टर हाकणारी किमान सात मुले मला माहीत आहेत, आणि आठवी मी. आबांच्या मालकांना मी विचारले आहे, रविवार असेल तर ट्रॅक्टर देतो म्हणाले. डिझेल आपले. फक्कीचे पोते मी आणीन.