जंगलाच्या मातीतून गुहेच्या ताटात

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात सुमारे १५०० किलोमीटर लांबीच्या ‘माया ट्रेन’चा पहिला टप्पा डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. दक्षिणेकडच्या गरीब भागात पर्यटन आणि पैसा येईल, हे सरकारचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. वाद आहे तो कान्कुन ते तुलुम या किनारी पट्ट्याचा. तिथे मार्गाचा मोठा भाग खांबांवर उचलला आहे. त्यासाठी पोलादी नळ्या जमिनीत घालून त्यांत काँक्रीट ओतले गेले. पण खाली सलग खडक नाहीच; पाण्याने भरलेल्या गुहा आहेत. छत फोडून आत उतरलेले गंजके खांब आणि सांडलेले काँक्रीट पाणबुड्यांनी २०२४ मध्ये कॅमेऱ्यात टिपले.

हा सारा प्रदेश चुनखडीचा. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्याला दाद देत नाही. चुनखडी मात्र विरघळते. तुलुमजवळच्या ‘ओश बेल हा’ या गुहाजालाची मोजणी सुमारे ५०० किलोमीटरपर्यंत गेली आहे. आत वर पावसाचे गोडे पाणी आणि त्याखाली समुद्राचे खारे, असे दोन थर असतात. ऊन नाही, म्हणून शेवाळ नाही, पाने नाहीत. तरीही आंधळ्या कोळंब्या, त्यांच्यावर जगणारे मासे आणि रेमिपीड हे विषारी कवचधारी प्राणी तिथे राहतात. खातात काय?

सेनोते म्हणजे छत कोसळून झालेल्या नैसर्गिक विहिरी. त्यांतून पडणारा पालापाचोळा हेच अन्न, असा पूर्वी समज होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने वेगळे उत्तर दिले. जंगलातल्या मातीत पालापाचोळा कुजताना मिथेन तयार होतो. एरवी हा वायू वर हवेत जातो. इथे तो पाण्याबरोबर खाली झिरपतो. सोबत विरघळलेले सेंद्रिय पदार्थही असतात. गुहेतले जिवाणू हे दोन्ही खातात, जिवाणूंना कोळंब्या, कोळंब्यांना मोठे जीव. एका कोळंबीच्या पोषणातला सुमारे २१ टक्के वाटा मिथेनचा निघाला. म्हणजे गुहेचे स्वयंपाकघर वर, झाडांच्या मुळाशी आहे. रेल्वेसाठी लाखो झाडे तोडली गेली, त्याचा अर्थ इथे लागतो.

माणसाचा संबंध याहून जवळचा. उत्तर युकातानमध्ये जमिनीवरून वाहणाऱ्या नद्या जवळजवळ नाहीत. पिण्याचे पाणी याच भूजलातून येते. मातीचा थर पातळ आणि खडक सच्छिद्र, त्यामुळे पाणी गाळले जायला वावच नसतो. मिथेन ज्या वाटेने खाली उतरतो, त्याच वाटेने शौचखड्ड्यातले पाणीही उतरते. त्यातून जुलाब, टायफॉइड, कावीळ. नायट्रेट वाढले तर वरचे दूध पाण्यात कालवून पिणारी तान्ही बाळे निळी पडण्याचा धोका. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. गुहेतल्या जीवांनाही हे फुकटचे जेवण मानवत नाही. उपाशीपोटी जगायला घडलेल्या या व्यवस्थेत सांडपाणी आले, की जिवाणू बेसुमार वाढतात आणि आधीच तुटपुंजा असलेला प्राणवायू संपवतात.

त्यामुळे केवळ खांबांवर भांडणे अपुरे आहे. खांबाने पाडलेले भोक एका जागी दिसते, त्याचे चित्रीकरण होते. रेल्वेने आणलेल्या प्रवाशांसाठी उभ्या राहणाऱ्या हॉटेलांचे मैलापाणी कुठे मुरते, हे कॅमेऱ्यात येत नाही. गुहांतून वाहत ते शेवटी किनाऱ्यावरच्या प्रवाळांपाशी, समुद्रात निघते. वाटेत विहिरी लागतात.